चुकलेले सर्किट आणि चुकीची परीक्षा

छापलेल्या अक्षरावर आपल्या समाजाची श्रद्धा फार जुनी आहे. पोथीत आहे म्हणजे ते तसेच असले पाहिजे, ही वृत्ती पोथी जाऊन पाठ्यपुस्तक आले तरी गेलेली नाही. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या पुस्तकातील चूक वर्षानुवर्षे खपून जाते, कारण तिला तिथल्या तिथे उत्तर देणारे कोणी समोर नसते. इलेक्ट्रॉनिक्सचे तसे नाही. पुस्तकातील आकृतीबरहुकूम जोडणी केली, बॅटरी लावली आणि सर्किट चालले नाही, तर त्याच क्षणी दोघांपैकी कोणी तरी चुकले आहे हे उघड होते. एक तर पुस्तक चुकले आहे, नाही तर विद्यार्थी. दुर्दैवाने आपल्या शिक्षणपद्धतीने या प्रश्नाचा निकाल आधीच लावून ठेवला आहे. तिच्या लेखी चूक नेहमी विद्यार्थ्याचीच असते. हा निकाल अन्यायाचा तर आहेच, पण ज्या विद्येच्या नावाने तो दिला जातो त्या विद्येच्याही तो मुळावर येणारा आहे, असे आमचे मत आहे.

हा अन्याय सर्वांत अधिक कोणाला सोसावा लागतो ते पाहू. पणजी, पुणे वा मुंबईच्या विद्यार्थ्याला निदान विचारायला कोणी असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काउंटरमागे बसलेला जाणता विक्रेता हातातली यादी पाहूनच सांगतो की, हा भाग घेऊ नका, तो घ्या. परंतु काणकोण, सत्तरी वा दोडामार्गच्या विद्यार्थ्याचे काय? गोव्याच्या वाचकाला कदाचित अपरिचित असे आणखी एक नाव येथे घेतो. ते म्हणजे मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे मनावर. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्या मुलखात गेलेली मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदली. मनावर हे त्याच जिल्ह्यातले, विंध्याच्या खाली निमाडच्या सपाटीवर वसलेले तहसिलीचे गाव. इंदूर तेथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. अशा गावच्या एखाद्या मुलाला इलेक्ट्रॉनिक्सची ओढ लागली, तर त्याचा गुरू म्हणजे हातातले पाठ्यपुस्तक आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे घरातले एक टेबल. ट्रान्झिस्टर आज चार-पाच रुपयांना मिळतो. तो आणायला जाण्याचे भाडे, किंवा मागवला तर पोचवण्याचा आकार, त्याच्या कितीतरी पट असतो. घरच्यांकडून पैसे मागून आणलेल्या सुट्या भागांचे सर्किट मुके राहिले की, तो मुलगा पुस्तकाला दोष देत नाही. तो स्वतःला दोष देतो. ‘हे आपल्याला जमण्यासारखे नाही’ असे म्हणून पुस्तक मिटतो. असा मिटलेल्या पुस्तकांचा हिशेब कोणत्याही खात्याच्या दप्तरी ठेवला जात नाही.

मनावरचे नाव घेण्याला आणखी एक कारण आहे. त्याच धारेत अकराव्या शतकात राजा भोज राज्य करीत होता. त्याच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक सबंध अध्याय आहे. आपोआप हलणाऱ्या पुतळ्यांपासून पाण्याच्या यंत्रांपर्यंत अनेक नवलांचे त्यात वर्णन आहे. मात्र त्यांची घडण तपशिलाने सांगितलेली नाही, आणि ग्रंथकाराने तसे स्पष्ट कबूलही केले आहे. आपण हे अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी वगळले, असा त्याचा खुलासा आहे. गुप्ततेचे हे धोरण आज आपण स्वीकारणार नाही. तथापि त्या प्राचीन ग्रंथकाराच्या एका सचोटीचे कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही. आपले वर्णन अपुरे आहे, हे त्याने वाचकाला सांगून टाकले. आमची आजची पाठ्यपुस्तके अपुरी असतात ती पुष्कळदा अज्ञानामुळे, घाईमुळे वा एकमेकांवरून उतरवून घेतल्यामुळे. पण आपण अपुरे आहोत, असे त्यांपैकी एकही सांगत नाही.

हा आरोप मोघम राहू नये म्हणून एक उदाहरण देतो. ट्रान्झिस्टरचा विवर्धक शिकवताना बहुतेक पुस्तके आरंभी सर्वांत सोपी रचना देतात. एक ट्रान्झिस्टर, त्याच्या कलेक्टरला एक किलोओहमचा रेझिस्टर, आणि बेसला बॅटरीच्या धन टोकाकडून येणारा दुसरा मोठा रेझिस्टर. बॅटरी नऊ व्होल्टची, आणि ट्रान्झिस्टरची प्रवाहवृद्धी शंभर, असे धरून हिशेब केला जातो. कलेक्टरचा व्होल्टेज बरोबर मध्यावर, म्हणजे साडेचारवर यावा, तर कलेक्टरमधून साडेचार मिलिअँपिअर वाहिले पाहिजेत. त्यासाठी बेसमधून पंचेचाळीस मायक्रोअँपिअर हवेत, आणि म्हणून बेसचा रेझिस्टर सुमारे १८० किलोओहमचा. गणितात काही चूक नाही. आकृती सुबक आहे. मुलगा बाजारातून बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर आणतो. त्याच्या उत्पादकांच्या तक्त्यात प्रवाहवृद्धी ११० पासून ८०० पर्यंत कोठेही असू शकते, असे दिलेले असते. सर्रास मिळणाऱ्या ‘बी’ वर्गाच्या नगाची ती दोनशे ते साडेचारशेच्या दरम्यान असते. आता दोनशेचाच नग घ्या. बेसमधून तेवढाच प्रवाह गेला, तर कलेक्टरमधून नऊ मिलिअँपिअरांहून अधिक वाहावयास हवेत. म्हणजे एक किलोओहमच्या रेझिस्टरवर नऊ व्होल्टांहून अधिक पडावयास हवेत. बॅटरीच नऊ व्होल्टची आहे! ट्रान्झिस्टर पुरता उघडा पडून तसाच राहतो, आणि विवर्धन होत नाही. मुलाने एकही तार चुकीची जोडलेली नाही. एकही भाग जळलेला नाही. चूक आहे ती ‘प्रवाहवृद्धी शंभर’ या एका गृहीताची, आणि ते गृहीत पुस्तकाचे आहे.

यावर कोणी म्हणेल की, पुढच्या प्रकरणात स्थैर्याचा विचार असतोच, आणि एमिटरला रेझिस्टर जोडून हा दोष कसा दूर करावा तेही दिलेले असते. ते खरे आहे. परंतु ते असते बीजगणिताच्या वेषात. स्थैर्यगुणकाचे सूत्र विद्यार्थी घडाघडा सिद्ध करून दाखवतो, आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. मात्र ते सूत्र म्हणजे आपल्या टेबलावर मुके पडलेल्या सर्किटाचेच निदान आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. औषध पाठ आहे, रोग पाहिलेला नाही. वैद्यकाचे शिक्षण असे दिले तर आपण ते खपवून घेऊ काय?

पुस्तकांतील दोष अनेक जातींचे असतात. पहिली जात मुद्रणाची. मायक्रोच्या जागी मिली छापले जाते, दोन तारा जिथे जुळतात तिथला ठिपका गळतो, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची धन-ऋण टोके उलट पडतात. दुसरी जात वगळण्याची. रिलेच्या वेटोळ्याशी उलटा डायोड दाखवलेला नसतो, आणि रिले बंद होताना उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारून टाकतो. तिसरी जात समजुतीच्या घोटाळ्याची. बीसी ५४७ सपाट बाजूने समोर धरला, तर त्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. त्याच आकाराच्या २एन३९०४ चे नेमके उलट येतात. पुस्तक एकाची आकृती देते आणि दुकानदार ‘तसाच’ म्हणून दुसरा देतो. चौथी आणि सर्वांत घातक जात मात्र निराळी आहे. काही सर्किटे अशी असतात की ती थोडा वेळ चालतात.

अशा सर्किटाचे एक उदाहरण शिक्षकांनी वर्गात अवश्य करून पाहावे. ७४१ ही ऑपरेशनल ॲम्प्लिफायरची चिप फेअरचाइल्ड कंपनीने १९६८ मध्ये बाजारात आणली, आणि अजूनही ती आपल्या अभ्यासक्रमांतून गेलेली नाही. तिच्या धन प्रवेशाला संकेत कपॅसिटरमधून द्यावा, आणि दुसरी काहीच जोडणी करू नये, अशी आकृती कागदावर निर्दोष दिसते. कपॅसिटर एकदिश प्रवाह अडवतो, संकेत तेवढा आत जातो. परंतु चिपच्या प्रवेशालाही जगण्यापुरता किंचित एकदिश प्रवाह लागतो. ७४१ मध्ये तो साधारणतः ऐंशी नॅनोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा सव्वा कोटीवा हिस्सा असतो. एवढ्याशा प्रवाहाला दुसरी वाट नसेल तर तो कपॅसिटरच भारित करू लागतो. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर दर सेकंदाला पाऊण व्होल्टाहून थोडा अधिक, या वेगाने प्रवेशाचा व्होल्टेज सरकत जातो. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चाललेले सर्किट दहाएक सेकंद उत्तम काम करते, आणि मग गप्प बसते. प्रवेशापासून भूमीपर्यंत शंभर किलोओहमचा एक रेझिस्टर जोडला की ते सुरळीत चालू लागते. त्या दहा सेकंदांत विद्यार्थी जे शिकतो ते दहा पानांच्या विवेचनाने शिकत नाही. सोळा आणे बरोबर असलेल्या आकृतीत तो शंभर किलोओहमचा रेझिस्टर शोभेचा वाटतो. तो काढून टाकल्यावरच तो तेथे कशासाठी होता हे कळते.

चुकलेल्या सर्किटाला शिक्षणात मानाचे स्थान देण्याची ही कल्पना आमची नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातील पॉल होरोविट्झ आणि त्यांचे सहकारी विनफिल्ड हिल यांचा ‘द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स’ हा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जगभर या विषयाचा आधारग्रंथ ठरला. त्याचे एक वैशिष्ट्य असे की, त्यात प्रकरणांच्या अखेरीस उपयोगी सर्किटांबरोबरच न चालणाऱ्या सर्किटांच्या आकृत्याही मांडल्या होत्या. ती का चालणार नाहीत हे शोधण्याचे काम वाचकावर सोपवलेले होते. जे लेखक आपल्या ग्रंथात चुकीच्या आकृत्या ‘चुकीच्या’ म्हणून छापतात, त्यांच्या बरोबर आकृत्यांवर वाचकाचा विश्वास अधिकच बसतो. आपल्याकडे चुकीच्या आकृत्या छापल्या जात नाहीत असे नाही. त्या ‘बरोबर’ म्हणून छापल्या जातात, एवढाच फरक.

केवळ छापील साहित्यावरून मोठे काम उभे राहू शकत नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ‘टिफ्रॅक’ या संगणकाचा इतिहास याची साक्ष देईल. १९५० च्या दशकाच्या मध्यास आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका लहान गटाने हे काम अंगावर घेतले, तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकांनी संगणक कधी वापरलेला नव्हता. परदेशी प्रसिद्ध झालेले अहवाल आणि लेख हेच त्यांचे मुख्य साधन. पण त्यांनी त्या कागदावर विसंबून एकदम मोठे यंत्र बांधायला घेतले नाही. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधले, ते १९५६ मध्ये चालू केले, त्यातले दोष हाताने शोधले, आणि मग सुमारे २,७०० निर्वात नलिकांचे पूर्ण यंत्र उभे करून १९६० मध्ये कार्यान्वित केले. छापील विद्या आणि तिच्यावरील आंधळा विश्वास यांत जो फरक आहे, तो त्या प्रायोगिक यंत्रात सामावलेला आहे. तेथे पुस्तक वाचले गेले, पुस्तक तपासले गेले, आणि मगच पुस्तक मानले गेले.

चूक ही काही केवळ नवशिक्याची मिरास नाही. १९९४ मध्ये इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली. ती शोधली गणिताच्या एका प्राध्यापकाने. कंपनीने प्रथम तिचे महत्त्व कमी लेखले, आणि अखेर चिपा बदलून देण्यापायी सुमारे साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा भुर्दंड सोसला. याउलट २०१९ चे उदाहरण पाहा. रास्पबेरी पाय ४ हा लहानसा संगणक त्या वर्षी जूनमध्ये बाजारात आला. त्याच्या वीजपुरवठ्याच्या नव्या जोडणीत दोन टोकांना प्रत्येकी ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर हवा असताना, दोहोंत मिळून एकच बसवला गेला होता. परिणामी काही प्रकारच्या केबलींनी तो चालेना. उत्पादकांनी सर्किटाची आकृती प्रसिद्ध केली होती, त्यामुळे बाहेरच्या एका जाणकाराने अल्पावधीत नेमका दोष दाखवला. उत्पादकांनी तो मान्य केला आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केला. काही पैशांच्या एका रेझिस्टरची ही कथा आहे. पण ती वाचणारा विद्यार्थी एक गोष्ट कायमची शिकतो. निष्णातही चुकतात, आकृती उघडी असेल तर चूक सापडते, आणि ती कबूल केल्याने कोणाची अब्रू जात नाही.

आता आपल्या परीक्षांकडे वळू. लेखी परीक्षेत ‘आकृती काढून कार्य स्पष्ट करा’ हा ठरलेला प्रश्न. त्याला स्मरणशक्ती पुरते. प्रात्यक्षिकात तयार ट्रेनर किट समोर येतो. त्यातील सारी जोडणी आतून पक्की केलेली असते. विद्यार्थ्याने चार तारा खोचायच्या आणि मीटर वाचून तक्ता भरायचा. त्यातही वाचन अपेक्षेहून निराळे आले तर काय होते, ते प्रत्येक विद्यार्थी जाणतो आणि प्रत्येक शिक्षकही जाणतो. वेगळे वाचन का आले याचा शोध घेतला जात नाही. ते खोडून, शेजाऱ्याच्या वा गेल्या वर्षीच्या वहीतले ‘बरोबर’ वाचन जर्नलमध्ये उतरवले जाते. आम्हांला या प्रकाराची सर्वांत अधिक चिंता वाटते. ज्या खोलीत सत्य काय ते उपकरणाने सांगावे, त्याच खोलीत आपण सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना उपकरणाची साक्ष दाबून ठेवायला आणि मान्य उत्तर लिहायला शिकवतो. पुढे हीच मुले अभियंते होतात, अधिकारी होतात, पुलांच्या आणि औषधांच्या चाचण्यांचे अहवाल लिहितात. जर्नलमधली ती लहानशी सवय कोठवर जाते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात दोष शोधणे आणि दुरुस्त करणे हा भाग आहे. ज्या शिक्षणाला समाज दुय्यम मानतो, तेथे ही विद्या शिकवली जाते. ज्या पदवीला समाज श्रेष्ठ मानतो, तेथे ती बहुधा वाऱ्यावर सोडलेली असते. हात आणि डोके यांची फारकत करून एकाला खाली व दुसऱ्याला वर बसवण्याचा जुना रोगच येथेही दिसतो. म्हापसा, मडगाव, फोंडा येथे रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच दुरुस्त करण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, असे कारागीर अजून आहेत. आकृती हाती नसताना, केवळ मीटरचे दोन पाय आणि कान यांच्या साहाय्याने दोष कोणत्या टप्प्यात आहे ते सांगणारी त्यांची पद्धत म्हणजे शुद्ध तर्कशास्त्र आहे. पुरवठा आहे काय, संकेत कोठपर्यंत पोचतो, कोठे हरवतो, हे क्रमाने पाहत दोषाला कोपऱ्यात गाठायचे. या माणसांना वर्षातून चार दिवस महाविद्यालयात मानाने बोलावले, तर त्यात प्राध्यापकांच्या प्रतिष्ठेला कोणताही बाध येणार नाही.

आमच्या सूचनेला आक्षेप येतील, आणि त्यांतील काही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, नवशिक्यासमोर चुकीची आकृती ठेवली तर त्याचा गोंधळ उडेल आणि तीच त्याच्या मनात ठसेल. हे भय चुकीची आकृती न सांगता दिली तर खरे ठरेल. ‘यात दोष आहे, शोधा’ असे सांगून दिलेल्या आकृतीने गोंधळ होत नाही, लक्ष एकाग्र होते. भाषेच्या वर्गात अशुद्ध वाक्य शुद्ध करून लिहायला सांगतात, त्याने कोणाची भाषा बिघडल्याचे ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. घरच्या विजेच्या २३० व्होल्टांवर असले प्रयोग मुळीच होता कामा नयेत. नऊ वा बारा व्होल्टच्या बॅटरीवर जे जळेल ते चार-पाच रुपयांचे असेल, आणि त्याची किंमत शिक्षणखर्चात धरावी. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. शिक्षकांनाच दोष सापडला नाही तर? आमचे उत्तर असे की, मग विद्यार्थ्यांसमक्ष तो शोधावा. ‘मला अजून कळलेले नाही, आपण मिळून पाहू’ असे म्हणणारा शिक्षक वर्गाच्या नजरेत उतरत नाही, चढतो.

मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. एक, शासकीय मंडळाने वा विद्यापीठाने मान्य केलेल्या पुस्तकातील प्रत्येक सर्किट छपाईपूर्वी कोणी तरी प्रत्यक्ष जोडून पाहिलेले असावे, आणि ते कोणत्या भागांवर, किती व्होल्टवर तपासले हे आकृतीखाली दिले जावे. दोन, प्रत्येक पुस्तकाचे शुद्धिपत्र दरवर्षी प्रसिद्ध व्हावे आणि ते शाळांना पाठवले जावे. चिपांचे मोठे उत्पादक आपल्या मालातील ज्ञात दोषांच्या याद्या स्वतः प्रसिद्ध करतात. पाठ्यपुस्तकाची प्रतिष्ठा त्यांच्याहून नाजूक असण्याचे कारण नाही. तीन, प्रात्यक्षिक परीक्षेचे निदान पाव गुण दोष शोधण्यासाठी ठेवावेत, आणि ‘वाचन अपेक्षेप्रमाणे आले नाही, त्याचे कारण बहुधा असे’ हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचा एकही गुण कापला जाऊ नये. चार, तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकांच्या शेजारी एक मल्टिमीटर, एक ब्रेडबोर्ड आणि सामान्य सुट्या भागांची पेटी ठेवावी. काणकोणच्या मुलाला मडगाव आणि मनावरच्या मुलाला इंदूर गाठावे लागू नये.

पाचवी सूचना भाषेची. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशाने आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञान मराठीत आणण्यासाठी केलेले काम मोठे आहे. परंतु व्याख्या देणारे मराठी आणि दोष समजावणारे मराठी ही दोन निराळी असतात. इंग्रजीतील आकृती इंग्रजी न येणाऱ्यालाही कळते. ती का चालत नाही, याची चर्चा मात्र ज्या भाषेत आपण शंका विचारतो त्याच भाषेत व्हावी लागते. कपॅसिटरला धारित्र म्हणावे की कपॅसिटर, हा वाद आम्ही येथे उकरू इच्छित नाही. ‘तो तेथे नसता तर काय झाले असते’ हे मराठीत सांगणारे एक पुस्तक निघाले, तर शब्द कोणताही चालेल.

या साऱ्याला आज विशेष निकड आहे. १९६३ मध्ये होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली आणि १९७० मध्ये केंद्रात या विषयाचे स्वतंत्र खाते निघाले, तेव्हापासून स्वावलंबनाची भाषा आपण बोलत आलो आहोत. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपल्या पेडणे तालुक्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी वसाहत योजली गेली. शाळाशाळांतून रोबोटिक्स शिकवण्याची योजना गोव्याने हाती घेतली. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण कारखान्यात ज्याला मोल असते तो आकृती पाठ म्हणणारा माणूस नव्हे. शंभर नगांपैकी तीन का चालत नाहीत, हे शोधणारा माणूस तेथे हवा असतो. तो कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीबरोबर आयात होत नाही. तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, मुके सर्किट समोर घेऊन बसलेल्या मुलातूनच घडतो.

गोवा लहान राज्य आहे. येथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या संस्था मोजक्या आहेत, आणि त्यांच्यातील शिक्षक एका सभागृहात बसू शकतील. मोठ्या राज्यांना जे वर्षानुवर्षे जमणार नाही ते येथे एका शैक्षणिक वर्षात करून पाहता येईल. पहिले पाऊल म्हणून शिक्षण मंडळाने आणि विद्यापीठाने एवढेच करावे. सध्याच्या पुस्तकांतील सर्व सर्किटे शिक्षकांच्या एका गटाकडून जोडून घ्यावीत, आणि जी चालली नाहीत त्यांची यादी कारणांसह छापावी. ती यादी विद्यार्थ्यांच्या हाती पडली की दोन कामे होतील. पुस्तके सुधारतील हे तर झालेच. पण ज्या मुलांनी आपल्याला हे जमणार नाही अशी समजूत करून घेतली आहे, त्यांच्यापैकी काहींना कळेल की त्यांची जोडणी बरोबर होती. त्यांतल्या एखाद्यानेही मिटलेले पुस्तक पुन्हा उघडले, तरी यादी छापण्याचा खर्च वसूल झाला असे आम्ही मानू.